‘हो, हो, समजलं’: काचबिंदू आणि श्रवणदोष एकत्र असलेल्या एका यंत्रमाग कामगाराचे प्रकरण

इचलकरंजीतील ६७ वर्षांचे एक निवृत्त यंत्रमाग कामगार उजव्या डोळ्याने दिवसेंदिवस कमी दिसते म्हणून मुलाबरोबर नेत्रतज्ज्ञांकडे आले, तेव्हा त्यांना काचबिंदूचे, म्हणजे बहुधा डोळ्यातला दाब वाढून दृष्टिनस खराब होण्याच्या विकाराचे, निदान होऊन चार वर्षे झाली होती. दोन प्रकारचे थेंब चालू असतानाही उजव्या डोळ्यातला दाब ३२ आणि डाव्यातला २५ मिलिमीटर पारा इतका भरला. हा दाब साधारणपणे १० ते २१ च्या दरम्यान असतो. मुलाने सोबत आणलेल्या फायलीवरून असे दिसत होते की आधीच्या ठिकाणी औषध दोनदा वाढवले गेले होते, आणि शेवटी दाब उतरवणाऱ्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्याही सुरू केल्या होत्या. ऐकण्याविषयी त्या फायलीत एकही ओळ नव्हती.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. काचबिंदू आणि श्रवणदोष एकत्र असलेल्या रुग्णांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते अभ्यासासाठी रचले आहे. म्हणून त्यात कोणाचे नाव नाही, आणि त्यातले आकडे अशा रुग्णात जसे आढळतात तसे योजले आहेत. त्यामागची वैद्यकीय माहिती मात्र रचलेली नाही.

दाब उतरत नसलेल्या रुग्णाबद्दल पहिला संशय येतो तो औषध न घालण्याचा. येथेही तो आला, पण टिकला नाही, कारण रुग्णाच्या पापण्यांचे केस लांब आणि दाट झाले होते आणि पापण्यांच्या कडेची त्वचा काळवंडली होती. प्रोस्टाग्लँडिन गटातल्या थेंबांचा हा ओळखीचा परिणाम आहे. म्हणजे थेंब डोळ्यात जात होते. मग ते कसे जात होते, हे पाहण्यासाठी दृष्टितपासनीसाने दोन्ही बाटल्या रुग्णाच्या हातात दिल्या आणि रोज काय करता ते करून दाखवायला सांगितले. रुग्णाने न अडखळता दाखवले: रात्री एकदाच घालायचे प्रोस्टाग्लँडिनचे औषध ते सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा घालत होते, आणि दोनदा घालायचे मिश्र औषध झोपताना एकदा.

ही अदलाबदल दिसायला किरकोळ वाटते, पण तिने दोन्ही औषधांचा परिणाम कमी केला. प्रोस्टाग्लँडिनचे थेंब दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घातले तर दाब अधिक उतरत नाही, उलट औषधाचा परिणाम घटू शकतो. दुसऱ्या, मिश्र औषधाच्या बाटलीत टिमोलोल होते. ते डोळ्यातल्या पाण्याची निर्मिती कमी करून दाब उतरवते, आणि झोपेत ही निर्मिती मुळातच मंदावलेली असल्याने रात्री त्याचा उपयोग फारसा होत नाही. चार वर्षे शिस्तीने औषध घालणारा हा माणूस चार वर्षे जवळजवळ अर्धवट उपचारावर होता.

चूक कशी झाली हे मुलाशी बोलताना उलगडले. औषधाच्या दुकानात गर्दीच्या वेळी, काचेपलीकडून आणि रस्त्यावरच्या हॉर्नच्या आवाजात त्यांना सांगितले गेले होते: ‘ही रात्री, ती दोनदा.’ या वाक्यात बाटल्यांमधला फरक फक्त ‘ही’ आणि ‘ती’ या दोन शब्दांवर टांगलेला आहे. त्यांतला स्वर एकच, वेगळे काय ते ‘ह’ आणि ‘त’. हे दोन्ही वर्ण बोलण्यात क्षीण असतात आणि गोंगाटात सर्वांत आधी हरवतात. बाटलीवरची बारीक अक्षरे वाचणे डोळ्यांना झेपत नव्हते. रुग्णाने मान डोलावली, ‘हो, हो, समजलं’ म्हटले आणि ते घरी आले.

ही मान डोलावण्याची सवय जुनी होती. एकतीस वर्षे त्यांनी मागावर काढली होती. मागाच्या शेडमध्ये धोट्याच्या (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाच्या) आपटण्याचा आवाज इतका असतो की शेजारच्या मागावरच्या माणसाशी बोलायचे तर ओठांकडे आणि हातांकडे बघूनच बोलावे लागते. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही आवाजाची कमाल मर्यादा आहे आणि आवाज १०० डेसिबल असेल तर दोन तासच मुभा आहे. आवाजामुळे येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्यातील सूचित करण्याजोग्या, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या, रोगांच्या यादीतही होता. परंतु छोट्या शेडमध्ये, आठ-दहा मागांवर बारा तासांची पाळी करणाऱ्याच्या कानात कापसाच्या बोळ्याशिवाय काही असल्याचे सहसा दिसत नाही. अशा माणसाला चाळिशीनंतर कमी ऐकू येऊ लागते तेव्हा ते त्याला किंवा घरच्यांना आजार वाटत नाही, तो धंद्याचा भाग मानला जातो. सुनेच्या शब्दांत सांगायचे तर, ‘आबा ऐकून न ऐकल्यासारखं करतात.’

त्यानंतर केलेल्या सविस्तर नेत्रतपासणीत बाहुली मोठी केल्यावर तिच्या कडेला आणि भिंगाच्या पुढच्या आवरणावर राखेच्या कणांसारखा पांढुरका थर दिसला. हा स्यूडोएक्सफोलिएशन नावाच्या विकाराचा थर होय. फिनलंडमधील नेत्रतज्ज्ञ जॉन लिंडबर्ग यांनी १९१७ साली त्याचे पहिले वर्णन केले. यात तंतुमय प्रथिनांसारखा पदार्थ डोळ्यात साचतो, पाण्याचा निचरा होण्याची जाळी बुजते, दाब चढतो आणि तो दिवसभरात मोठ्या फरकाने वरखाली होतो. नेहमीच्या काचबिंदूपेक्षा हा प्रकार जास्त वेगाने नुकसान करतो. वय वाढेल तसा तो अधिक आढळतो. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या मोठ्या पाहणीतही त्याची नोंद झालेली आहे, म्हणजे हा काही केवळ उत्तर युरोपाचा आजार नव्हे. या रुग्णाच्या उजव्या डोळ्यातल्या दृष्टिनसेच्या चकतीचा खळगा चकतीच्या रुंदीच्या ०.८५ पटीपर्यंत रुंदावला होता, डाव्यात तो ०.६ पट होता. खळगा जितका रुंद तितके नसेचे नुकसान जास्त.

दृष्टिक्षेत्राची तपासणी, जिला दवाखान्यात सगळे ‘फील्ड टेस्ट’ म्हणतात, तिचे जुने तीन अहवाल फायलीत होते आणि तिन्हींवर यंत्राने अविश्वसनीयतेचा शेरा मारला होता. तरीही एकापेक्षा एक काळा होत गेलेला नकाशा (न दिसणारा भाग त्यात काळा उमटतो) पाहून आजार झपाट्याने वाढत असल्याचा निष्कर्ष काढला गेला होता, आणि गोळ्या सुरू करण्यामागे तेच कारण होते. या तपासणीत रुग्णाने मधल्या पिवळ्या दिव्यावरून नजर न हलवता कडेला कुठेही ठिणगी दिसली की बटण दाबायचे असते. सूचना अंधाऱ्या खोलीत दिली जाते, देणारा बाजूला किंवा मागे उभा असतो, आणि रुग्णाचा चेहरा यंत्राच्या अर्धगोलात असतो. ओठ वाचून ऐकणाऱ्याला याहून वाईट जागा सापडणार नाही. या रुग्णाला सूचनेतले ‘ठिणगी दिसली की बटण दाबा’ एवढेच कळले होते, ‘मध्येच बघा’ हा भाग पोहोचला नव्हता. ते प्रामाणिकपणे चारी दिशांना ठिणग्या शोधत होते.

चौथ्या वेळी तपासणीपूर्वी उजेडात, समोर बसून, मोठ्या अक्षरांतल्या कागदाच्या आधारे सूचना दिल्या गेल्या, रुग्णाकडून त्या परत वदवून घेतल्या गेल्या आणि मध्ये थांबायचे असेल तर खांद्याला स्पर्श करू असे ठरले. अहवाल पहिल्यांदाच विश्वसनीय आला. उजव्या डोळ्याचे नुकसान खरे आणि बरेच होते, पण तीन अहवालांची उतरंड सुचवत होती तितके नव्हते. डाव्या डोळ्यात सुरुवातीचा दोष होता.

कानाची तपासणी याच टप्प्यावर झाली. कानात मळ नव्हता, पडदे शाबूत होते, मध्यकर्णाच्या तपासणीत दोष नव्हता. ध्वनिरोधक खोलीतल्या श्रवणचाचणीत ५०० हर्ट्झला ३०, १००० ला ३५, २००० ला ५० आणि ४००० ला ७० डेसिबल अशी उजव्या कानाची पातळी, म्हणजे ऐकू येण्यासाठी लागणारा किमान आवाज, मिळाली; आकडा जितका मोठा तितके कमी ऐकू येते. डाव्याची याच क्रमाने ३०, ४०, ५५ आणि ७० होती. या चार आकड्यांची सरासरी अनुक्रमे सुमारे ४६ आणि ४९ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गवारीत ३५ ते ५० डेसिबलच्या आतला दोष मध्यम गणला जातो. ८००० हर्ट्झला दोन्ही कानांची पातळी थोडी सुधारून ६० वर आली होती. ४००० वर खड्डा आणि पुढे किंचित चढ, ही आवाजाने झालेल्या इजेची ओळखीची खूण आहे. मराठी शब्द ऐकून पुन्हा उच्चारण्याच्या चाचणीत शांत खोलीतसुद्धा त्यांना शंभरातले ६८ शब्दच बरोबर सांगता आले. एवढ्या श्रवणावर माणूस हाकेला ओ देतो, मोठ्याने बोललेले त्याला ऐकू येते, स्वर पोहोचतात. स, श, ख, थ, फ यांसारखे वर्ण गळून पडतात आणि उरलेले तो अंदाजाने भरतो. त्यामुळेच घरच्यांना तो लबाडी करतो आहे असे वाटते.

आता मूळ प्रश्न. काचबिंदूमुळे ऐकू कमी येते का? नातेवाईक तो विचारतात आणि त्याचे सरळ उत्तर देता येत नाही. नेहमीच्या काचबिंदूच्या रुग्णांत श्रवणदोष अधिक असतो का याचे अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. दोन्ही गोष्टी उतारवयात वाढतात, त्यामुळे एकाच माणसात त्या भेटणे यात नवल काही नाही. स्यूडोएक्सफोलिएशनची गोष्ट थोडी वेगळी आहे. हा तंतुमय पदार्थ केवळ डोळ्यापुरता राहत नाही, तो हृदय, फुफ्फुसे, त्वचा अशा इतर ठिकाणीही सापडला आहे आणि अशा रुग्णांमध्ये आंतरकर्णाचा दोष समवयस्कांपेक्षा जास्त आढळल्याचे अनेक अभ्यासांनी नोंदवले आहे. मात्र दोन गोष्टी सोबत आढळणे म्हणजे एकीने दुसरी घडवणे नव्हे. या रुग्णापुरते पाहिले तर मागावरची एकतीस वर्षे, वय आणि स्यूडोएक्सफोलिएशन या तिन्हींचा वाटा वेगळा काढण्याचा कोणताही मार्ग उपलब्ध नाही, आणि माझ्या मते त्याची उपचारासाठी गरजही नाही. दोष नेमका कशाने आला याच्या चर्चेत जितका वेळ जातो त्याच्या एक दशांश वेळ ‘तुम्हाला मी काय सांगितले ते परत सांगा’ या वाक्यावर खर्च झाला असता, तर या माणसाच्या उजव्या डोळ्याचे बरेच नुकसान टळले असते.

कानात शिटी वाजण्याची तक्रार त्यांना पूर्वीपासून होती, पण गोळ्या सुरू झाल्यापासून ती वाढली होती, आणि हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. अॅसिटाझोलामाइडने बोटांना मुंग्या येतात, वारंवार लघवी होते, तोंडाची चव बिघडते हे डॉक्टर सांगतात. कर्णनाद (कानात वाजणारी शिटी) आणि ऐकण्यात बिघाड हेही त्याच्या नोंदवलेल्या दुष्परिणामांत आहेत, ते सांगायचे राहते. म्हणजे कानामुळे थेंब चुकले, थेंब चुकल्याने दाब चढला, दाबासाठी गोळी आली आणि गोळीने कानातला गोंगाट आणखी वाढवला. थेंबांची अदलाबदल दुरुस्त केल्यावर सहा आठवड्यांनी दाब उजवीकडे २४ आणि डावीकडे १६ झाला. गोळ्या थांबवल्या, शिटी कमी झाली, पूर्ण गेली नाही.

घरी बाटल्यांची ओळख डोळ्यांवर किंवा कानांवर न ठेवता बोटांवर ठेवली गेली. रात्रीच्या बाटलीला दोन रबर बँड गुंडाळले, दिवसाची मोकळी ठेवली. श्रवणयंत्र निवडताना कानात बसणारे छोटे यंत्र मुलाला आवडले होते, पण त्याची शेंगदाण्याहून लहान बॅटरी बदलणे या डोळ्यांना आणि मागावर राठ झालेल्या बोटांना जमणारे नव्हते. म्हणून कानामागे बसणारी, रात्री डबीत ठेवून चार्ज होणारी दोन यंत्रे घेतली. ज्यांना खर्च परवडत नाही अशा दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते, पण या कुटुंबाला त्याची गरज पडली नाही.

यंत्राने सगळे सुटले नाही. चार माणसे बोलत असताना पुढचे वाक्य कोण बोलणार हे आपण नकळत कडेच्या नजरेने टिपतो आणि मान तिकडे वळवतो. या रुग्णाचे उजव्या टोकाचे क्षेत्र गेले होते, आणि तेवढा भाग डावा डोळा भरून काढू शकत नाही, कारण नाकाच्या बाजूला त्याची नजर तितकी लांब पोहोचत नाही. परिणामी जेवताना उजवीकडे बसणाऱ्या सुनेचे पहिले दोन-तीन शब्द नेहमीच हुकत, आणि ओठांकडे नजर पोहोचेपर्यंत वाक्य संपलेले असे. सुनेने पानाची जागा बदलली आणि ती समोर, दिव्याच्या उजेडात बसू लागली. ‘ऐकून न ऐकल्यासारखं’ ही तक्रार एवढ्याने निम्मी झाली. रस्ता ओलांडताना मात्र उजवीकडून येणारी दुचाकी त्यांना ना दिसे ना वेळेवर ऐकू येई, त्यामुळे बाजारात एकट्याने जाणे त्यांनी स्वतःहून बंद केले. याबद्दल ते बोलत नाहीत, आणि घरचेही विचारत नाहीत.

सातव्या महिन्यात एका सकाळी डाव्या कानातून काहीच ऐकू येईना. यंत्राचे चार्जिंग संपले असेल असे समजून त्यांनी ते दोन दिवस डबीत घालून पाहिले. तिसऱ्या दिवशी मुलाने ते यंत्र स्वतःच्या कानाला लावले तेव्हा ते व्यवस्थित चालत असल्याचे कळले. चाचणीत डाव्या कानाची सरासरी ८५ डेसिबलवर गेली होती. सलग तीन वारंवारतांवर ३० डेसिबल किंवा अधिक श्रवण ७२ तासांच्या आत गेले तर त्याला आकस्मिक श्रवणनाश म्हणतात आणि त्याची तातडी मोतीबिंदूसारखी नसते, दिवसांत मोजावी लागते. एमआरआयमध्ये श्रवणनसेवर गाठ नव्हती.

येथे कान आणि डोळा यांचे हितसंबंध समोरासमोर आले. आकस्मिक श्रवणनाशावर स्टिरॉइडच्या गोळ्या मोठ्या मात्रेत, बहुधा रोज ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, दिल्या जातात. पण स्टिरॉइडने डोळ्यातला दाब चढू शकतो. स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे घातले तर सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे एक तृतीयांशांत दाब वाढतो, आणि ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी जास्त असते. गोळ्यांनीही तसे होऊ शकते. काचबिंदू आहे म्हणून स्टिरॉइडच नको, असे म्हणून कान सोडून देणे चुकीचे ठरले असते. डोळ्यांच्या डॉक्टरांना न कळवता गोळ्या देणेही तितकेच चुकीचे ठरले असते, आणि हे दुसरे जास्त वेळा घडते, कारण कानाच्या डॉक्टरांकडे रुग्ण ‘मला काचबिंदू आहे’ असे सांगत नाही. ते सांगावे हे त्याला माहीतच नसते.

कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ फोनवर बोलले. २०११ साली अमेरिकेत २५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत कानाच्या पडद्याआड दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन गोळ्यांपेक्षा कमी परिणामकारक नसल्याचे दिसले होते. अशा इंजेक्शनातून रक्तात फारच थोडे औषध जाते. म्हणून दोन आठवड्यांत डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने पडद्याआड दिली गेली आणि दाब दर आठवड्याला पाहिला गेला. दाबात फरक पडला नाही. कान अर्धामुर्धा परतला. सरासरी ८५ वरून ६२ वर आली, पण शब्द कळण्याचे प्रमाण पूर्वीइतके झाले नाही. डावा कान आता दोन्हींत कमजोर आहे.

वर्षअखेर उजव्या डोळ्याचा दाब सर्व थेंबांनिशी २२ च्या खाली येईना आणि दोन विश्वसनीय अहवालांत नुकसान थोडे पुढे सरकलेले दिसले. आता ते खरे मानायला हरकत नव्हती. डोळ्यातल्या पाण्याला नवी वाट करून देणारी ट्रॅबेक्युलेक्टमीची शस्त्रक्रिया ठरली. ती डोळ्यापुरती भूल देऊन होते, म्हणजे रुग्ण जागा असतो, चेहऱ्यावर कापड असते आणि ‘हलू नका’, ‘खाली बघा’ एवढ्या सूचना त्याने पाळायच्या असतात. डोळा धुताना पाणी कानाकडे वाहते, त्यामुळे उजव्या कानातले यंत्र काढावे लागणार होते आणि भिस्त राहणार होती ती आकस्मिक श्रवणनाशातून अर्धवट सावरलेल्या डाव्या कानावर. कापडाखाली ओठ दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

ही अडचण त्यांच्यापुढे मांडली तेव्हा रुग्णाला ती अडचण वाटली नाही. मागाच्या शेडमध्ये धागा तुटला, कांडी (धाग्याची गुंडाळी) संपली, जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) बोलवा, माग थांबवा, हे सगळे ते एकतीस वर्षे न बोलता सांगत आले होते. त्यांनी परिचारिकेचा हात आपल्या मनगटावर ठेवला आणि दाखवले: एक दाब म्हणजे थांबा, दोन म्हणजे खाली बघा, बोट सोडले की मोकळे. तेवढ्या तीन खुणा केसपेपरवर लिहिल्या गेल्या, आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी परिचारिका बदललेली असल्यामुळे त्यांनी त्या नव्या परिचारिकेला पुन्हा एकदा शिकवल्या, आणि ‘आता तुम्ही करून दाखवा’ असे सांगून तिच्याकडून त्या करवून घेतल्या.